नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर कॉम्प्युटर क्रॅश होतोय? कोणत्या क्रमाने काय तपासायचं

नवं कार्ड बसवलं, गेम सुरू केला आणि काही मिनिटांत स्क्रीन काळी. यानंतर बरेच जण एकाच बैठकीत ड्रायव्हर बदलतात, बायॉस (मदरबोर्डवरचं मूलभूत सॉफ्टवेअर) अपडेट करतात, विंडोज नव्याने टाकतात, रॅम काढून पुन्हा लावतात. त्यातून क्रॅश थांबला तरी कशाने थांबला ते कळत नाही, आणि थांबला नाही तर आपणच नवीन बिघाड केला का, ही शंका उरते. बिघाड शोधणं खरं तर अवघड नसतं. क्रम चुकतो, म्हणून ते अवघड होऊन बसतं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा आणि एका वेळी एकच बदल करा. हा लेख विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्या डेस्कटॉपसाठी आहे.

पूर्वतयारी

जुनं कार्ड अजून विकू नका. संपूर्ण तपासात त्याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. नवं कार्ड निर्धोक आहे अशी खात्री पटेपर्यंत ते जपून ठेवा.

महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या. वारंवार अचानक बंद पडणाऱ्या मशीनवर अर्धवट लिहिलेल्या फाइल्स खराब होऊ शकतात.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असेल, तर रिकव्हरी की फोनवर किंवा कागदावर उतरवून ठेवा. पुढे बायॉसमध्ये बदल करायचे आहेत, आणि त्यानंतर विंडोज ही की मागू शकतं. ती नसेल तर स्वतःच्याच ड्राइव्हबाहेर उभं राहायची वेळ येते. अकाउंटचा पूर्ण पासवर्डही माहीत असू द्या, कारण सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) कधी कधी पिन चालत नाही.

ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा: एक सर्वात नवा आणि एक त्याच्या आधीचा. जुना ड्रायव्हर निवडताना तो तुमच्या कार्डाला चालतो का ते पाहा. कार्ड बाजारात येण्याआधीचे ड्रायव्हर त्याला ओळखतच नाहीत.

शेवटची तयारी म्हणजे एक ठरलेली चाचणी. ज्या गेममध्ये, ज्या दृश्यात हमखास क्रॅश होतो, तेच दृश्य प्रत्येक बदलानंतर चालवायचं. दर वेळी वेगळा गेम लावून पाहिला तर तुलना होत नाही. काय बदललं आणि क्रॅश किती वेळाने आला, हे दोनच रकाने वहीत लिहीत जा.

टप्पा १: मशीन नेमकं कसं बंद पडतं?

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि इथेच वाट चुकतात. ‘क्रॅश होतो’ एवढ्याने काहीच कळत नाही. पुढच्यांपैकी कोणतं लक्षण आहे ते नीट पाहा.

मशीन वीज गेल्यासारखं क्षणात बंद होतं किंवा रीस्टार्ट होतं, निळी स्क्रीन येत नाही: पहिला संशय पॉवर सप्लाय आणि त्याच्या केबल्सवर.

स्क्रीन काळी होते, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात, आवाज काही वेळ सुरूच राहतो: बाकी मशीन जिवंत आहे, कार्ड मात्र गळालं आहे. कार्डाची वीजजोडणी, स्लॉटमधली बैठक आणि मग खुद्द कार्ड, या क्रमाने पाहायचं.

गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते: कार्डाने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर रीसेट केला. ही मुदत मूळ सेटिंगमध्ये २ सेकंदांची असते. ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) किंवा अस्थिर रॅम, काहीही कारण असू शकतं.

निळी स्क्रीन येते: कोड लिहून घ्या. ११६ म्हणजे ड्रायव्हर रीसेट करण्याचा प्रयत्न फसला. १२४ म्हणजे हार्डवेअरने स्वतः गंभीर चूक नोंदवली. त्यात प्रोसेसरही येतो, सगळा रोख कार्डावर ठेवू नका. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमवर जास्त संशय घ्या.

गेम तासन्‌तास चालतो, पण मशीन रिकामं असताना किंवा व्हिडिओ पाहताना अडकतं: इथे वीज कमी पडण्याची शक्यता कमी. वीज वाचवणाऱ्या सेटिंग्ज, मॉनिटरची केबल आणि ड्रायव्हर आधी पाहायचे.

आता विंडोजची नोंद बघा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधा; कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तिथे तारखेनुसार दिसतं. मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्स’मधलं ‘सिस्टिम’ निवडा आणि क्रॅशच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. ४१०१ ही नोंद डिस्प्ले ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाल्याचं सांगते. ‘व्हीआ लॉगर’ (WHEA-Logger) या नावाखालच्या नोंदी हार्डवेअरच्या चुकांच्या असतात; त्यात १७ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली असेल आणि पीसीआय एक्सप्रेसचा (कार्ड ज्या जोडणीवर चालतं तिचा) उल्लेख असेल, तर स्लॉट, रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट यांच्यामधली जोडकेबल) किंवा कार्डाची बैठक यांकडे बोट जातं.

सावधान: ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद पाहून लगेच पॉवर सप्लाय विकत घेऊ नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढंच ती सांगते. रीसेट बटण दाबलं तरी तीच नोंद होते. का बंद पडलं, हे तिच्यातून कळत नाही.

टप्पा २: कार्ड काढा, पुन्हा बसवा, केबल हाताने तपासा

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी हे करायचं. ‘मी नीटच बसवलं होतं’ असं वाटत असलं तरी करायचं.

मशीन बंद करा, पॉवर सप्लायचा स्विच बंद करा, मुख्य केबल काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. केसच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मग कार्डाच्या केबल्स काढा, मागचे स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाचा खटका दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. खटका न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो.

परत बसवताना खटका आपोआप लागल्याचा आवाज यायला हवा. मग आडवं वाकून बघा: कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पूर्ण लांबीभर स्लॉटमध्ये सारख्याच खोल गेल्या आहेत का? जड कार्डाचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लॉटमधली एक बाजू किंचित वर उचलली जाते. मागचे स्क्रू घट्ट करा आणि झोल राहत असेल तर कार्डाला खालून आधार द्या.

आता केबल्स. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या जोडणीतून ७५, ८ पिनांच्या जोडणीतून १५०. बाकी सगळा भार याच केबल्सवर. कार्डावर ८ पिनांच्या दोन जागा असतील तर पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल्स आणा. एकाच केबलच्या टोकाला लटकणारी दुसरी जोडणी वापरली की दोन्ही जागांचा भार एकाच केबलवर पडतो. गेमचं दृश्य जड झालं की मशीन बंद, अशा तक्रारीत मी सर्वात आधी हेच बघायला सांगेन.

१६ पिनांची (१२ मोठ्या आणि ४ छोट्या) नवी जोडणी असेल तर जास्त काळजी घ्या. या एकाच जोडणीतून ६०० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते. प्लग पूर्ण आत गेला पाहिजे; प्लग आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेली जोडणी तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. प्लगपासून सुमारे ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवा, त्यानंतर वळवा. केसचं झाकण केबलला दाबत असेल तर ते झाकण लावून मशीन वापरू नका.

सावधान: मॉड्युलर (केबल्स सुट्या काढता येणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबल्स दुसऱ्या पॉवर सप्लायला लावू नका, कंपनी तीच असली तरीसुद्धा, जोपर्यंत त्या चालतात असं कंपनीने लेखी सांगितलेलं नाही. कार्डाकडचं टोक सारखं असतं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात हार्डवेअर जळतं. साटा (डिस्कला वीज देणाऱ्या) जोडणीतून ८ पिना तयार करणारे अडॅप्टरही टाळा. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठी आहे, १५० साठी नाही.

तपासा: मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, मदरबोर्डला नाही? डिस्प्लेपोर्टची केबल जुनी किंवा निकृष्ट असेल तर चाचणीपुरती दुसरी लावा. मग ठरलेलं दृश्य चालवा. क्रॅश थांबला असेल तर पुढचे टप्पे करायची गरज नाही.

टप्पा ३: तापमान

हा टप्पा झटपट उरकतो. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू करा, आकडे फाइलमध्ये नोंदवण्याची सोय चालू करा आणि चाचणी चालवा. क्रॅशच्या आधीचे आकडे पाहा: चिपचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वात गरम बिंदू) आणि मेमरीचं तापमान, तिन्ही. चिप ७० अंशांवर असताना मेमरी किंवा हॉटस्पॉट शंभरीच्या पुढे असू शकतो.

नवं कार्ड जुन्यापेक्षा जास्त वीज खात असेल तर तेवढी उष्णता केसमध्ये साचते, आणि प्रोसेसरही तापतो. केसचं बाजूचं झाकण काढून तीच चाचणी करा. क्रॅश लांबला किंवा थांबला तर हवा खेळत नाही, हे उत्तर मिळालं. कार्डाच्या पंख्यांवरची प्लॅस्टिकची संरक्षक फिल्म काढली का, हेही याच वेळी बघून घ्या.

टप्पा ४: जुना ड्रायव्हर मुळापासून काढा

नव्या ड्रायव्हरवर नवा ड्रायव्हर टाकत राहणं म्हणजे स्वच्छता नव्हे. एनव्हिडियाकडून एएमडीकडे किंवा उलट गेला असाल तर हा टप्पा सक्तीचा समजा.

पहिल्यांदा इंटरनेट तोडा: केबल काढा, वायफाय बंद करा. ही पायरी चुकली तर तुम्ही ड्रायव्हर काढता काढता विंडोज अपडेट मागून स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवतं, आणि तुमची स्वच्छता वाया जाते.

मग सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडा, ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रीस्टार्ट, आणि मग ४ हा अंक. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजेच डीडीयू, चालवा. जुन्या कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर काढा. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच टाकला असेल तर तोही काढा. दोन्ही काढून झाल्यावर साध्या मोडमध्ये या, आधी डाउनलोड केलेला ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा आणि मगच इंटरनेट जोडा.

ड्रायव्हर टाकताना सोबतची जास्तीची सॉफ्टवेअर्स आत्ता नकोत. गेमवर आकडे दाखवणारे ओव्हरले, रेकॉर्डिंग, मदरबोर्डचे लाइट चालवणारी अॅप्स, सगळं चाचणीपुरतं बंद ठेवा.

जुन्या कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवलेलं प्रोफाइल ही लपून बसणारी अडचण आहे. ते विंडोजबरोबर सुरू होतं आणि नव्या कार्डावर जुन्या कार्डासाठीचा व्होल्टेज किंवा क्लॉक लादू शकतं. डीडीयू या प्रोफाइलला हात लावत नाही. आफ्टरबर्नर उघडून सगळं मूळ स्थितीला न्या आणि आपोआप लागू होण्याची खूण काढा.

तपासा: मशीन रिकामं असताना अडकत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधलं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करून बघा. नव्या ड्रायव्हरवर क्रॅश कायम असेल तर याच पद्धतीने आधीचा ड्रायव्हर टाकून बघा. दोन्हींवर सारखाच क्रॅश होत असेल तर ड्रायव्हरचा नाद सोडा आणि पुढे चला. तिसरा, चौथा ड्रायव्हर शोधण्यात लोक दिवस घालवतात.

टप्पा ५: बायॉस

बायॉस अपडेट करण्याआधी बायॉस मूळ सेटिंग्जवर न्या. हा क्रम उलटा करू नका. क्रॅश होणाऱ्या मशीनवर बायॉस अपडेट करताना मध्येच मशीन बंद पडलं तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

१. मूळ सेटिंग्ज लावा. मात्र त्याआधी बूट मोड आणि साटाचा मोड काय होता त्याचा फोटो काढून ठेवा, आणि रीसेटनंतर हे दोन पूर्ववत करा, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.

२. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल बंद ठेवा. हे प्रोफाइल म्हणजे कारखान्याने तपासलेला ओव्हरक्लॉकच असतो, आणि तो प्रत्येक प्रोसेसरवर स्थिर राहील याची खात्री नसते. जुन्या कार्डावर वर्षभर चाललं म्हणजे ते स्थिर होतं असं नाही.

३. रायझर केबल वापरत असाल तर स्लॉटची पिढी ‘ऑटो’वर सोडू नका. केबल तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या पिढीचं असेल तर जोडणी चौथ्या पिढीच्या वेगाने चालवण्याचा प्रयत्न होतो आणि चुका सुरू होतात. बायॉसमध्ये हाताने तिसरी पिढी निवडा. शक्य असेल तर रायझर काढून कार्ड थेट मदरबोर्डवर लावून बघा.

४. रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असेल तर बंद करून एकदा चाचणी घ्या. पुढे तो परत चालू करता येतो.

क्रॅश थांबला तर एकेक सेटिंग परत चालू करा आणि प्रत्येकानंतर चाचणी करा. सगळी एकदम चालू केली तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल. मूळ सेटिंग्जवरही क्रॅश होत असेल, तरच नवा बायॉस टाका. त्या वेळी मशीनवर दुसरं काहीही चालू नको.

टप्पा ६: पॉवर सप्लायची परीक्षा

पॉवर सप्लायवर लिहिलेला आकडा आणि कार्डाच्या खोक्यावरचा आकडा यांची वजाबाकी करून लोक निश्चिंत होतात. ३०० वॉटचं कार्ड, १५० वॉटचा प्रोसेसर, बाकीचे ५०; मग ६५० वॉटचा सप्लाय पुरेल, असा हिशेब. सरासरीचा हिशेब बरोबर आहे, पण कार्ड सरासरीने वीज खेचत नाही. दृश्य बदललं की काही मिलिसेकंदांपुरता भार ठरलेल्या आकड्याच्या बराच वर, कधी जवळपास दुपटीपर्यंत जातो. सॉफ्टवेअरमध्ये हे झटके दिसत नाहीत, कारण ते इतक्या वेगाने मोजतच नाही. पॉवर सप्लायचं संरक्षण मात्र ते पाहतं आणि मशीन बंद करतं.

याच कारणासाठी २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात पॉवर सप्लायने आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद सहन करावा अशी अट घातली आहे. त्याआधीचा, काही वर्षं वापरलेला सप्लाय चांगल्या कंपनीचा असला तरी इथे कमी पडू शकतो.

परीक्षा फुकट करता येते. आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर मर्यादा ७० टक्क्यांवर आणा आणि ठरलेलं दृश्य चालवा. मग मर्यादा पूर्ववत करा, पण गेमचा वेग सेकंदाला ६० फ्रेमवर बांधा आणि परत चालवा. दोन्ही वेळा मशीन शांतपणे चाललं आणि बंधन काढताच क्षणात बंद पडलं, तर वीजपुरवठ्याचा संशय पक्का होत जातो. ओसीसीटी या ताण देऊन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली पॉवर चाचणी प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी ताणते, तिनेही खातरजमा करता येते.

सावधान: पॉवर मर्यादा कमी करून क्रॅश थांबला म्हणजे दुरुस्ती झाली नाही. कार्ड स्वतः सदोष असेल तरी कमी भारावर ते चालतं. म्हणून नवा पॉवर सप्लाय विकत घेण्याआधी कोणाचा तरी चांगला सप्लाय त्याच्या स्वतःच्या केबल्ससह तात्पुरता लावून बघा. मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर किंवा लहान यूपीएसवर असेल तर तेही वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा.

टप्पा ७: दोष कार्डात नसूनही कार्डावर आळ

जुनं कार्ड हळू होतं तेव्हा प्रोसेसर निवांत असायचा. नवं कार्ड जास्त फ्रेम मागतं, प्रोसेसर आणि रॅम जास्त राबतात आणि त्यांची लपलेली कमजोरी बाहेर येते. ओघानेच सगळे नव्या कार्डाला दोष देतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर. गेम सुरू होताना, शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना, ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन गेम बंद व्हायचा. वाचणाऱ्याला वाटणार, कार्डच खराब. दोष होता प्रोसेसरमध्ये, चढ्या व्होल्टेजमुळे आलेल्या अस्थिरतेचा. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, आणि ते बायॉस अपडेटमधूनच येतात. तुमचा प्रोसेसर या पिढ्यांमधला असेल तर टप्पा ५ मधला बायॉस अपडेट ऐच्छिक समजू नका. एकदा झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर रॅमच्या पट्ट्या एकेक लावून तपासा. ‘फक्त एकच चूक आहे’ असं म्हणून पुढे जाऊ नका, बरोबर संख्या शून्यच. पेज फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) कोणी बंद केली असेल तर ती परत विंडोजच्या ताब्यात द्या. भरपूर रॅम असली तरी काही गेम्स तिच्याविना कोसळतात.

टप्पा ८: अदलाबदल आणि वॉरंटी

इथवर आलात तर आता जुनं कार्ड बाहेर काढा. टप्पा ४ प्रमाणे ड्रायव्हर स्वच्छ करून ते बसवा आणि तीच चाचणी चालवा. जुन्या कार्डावरही क्रॅश झाला तर नवं कार्ड बहुधा निर्दोष आहे; टप्पा ६ आणि ७ पुन्हा बारकाईने करा. जुनं कार्ड व्यवस्थित चाललं तरी निकाल अजून पूर्ण नाही, कारण ते कमी वीज खातं. नवं कार्ड दुसऱ्या, पुरेशा ताकदीच्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तसाच क्रॅश झाला तर दोष कार्डाचाच.

एका लक्षणासाठी एवढी वाट पाहायची गरज नाही. बायॉसच्या स्क्रीनवरही रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसत असतील आणि मॉनिटर, केबल बदलूनही त्या जात नसतील, तर विंडोज आणि ड्रायव्हर यांचा संबंधच उरत नाही. ओसीसीटीमधली व्हिडिओ मेमरीची चाचणी चुका दाखवत असेल आणि कार्डावर कोणताही ओव्हरक्लॉक नसेल, तरीही थेट वॉरंटीकडे वळा.

तक्रार करताना ‘गेम क्रॅश होतो’ एवढंच लिहू नका. कोणत्या दोन ड्रायव्हरवर तपासलं, कोणता पॉवर सप्लाय, किती स्वतंत्र केबल्स, दुसऱ्या मशीनवर काय झालं, निळ्या स्क्रीनचा कोड आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींचे क्रमांक द्या. वहीतले दोन रकाने इथे कामाला येतात. कार्ड पाठवण्याआधी अनुक्रमांकाचा आणि वीजजोडणीच्या पिनांचा जवळून फोटो काढा, म्हणजे वाटेत काही तुटलं तर तुमच्याकडे पुरावा राहील. कूलर उघडू नका आणि स्क्रूवरचं स्टिकर फाडू नका. बदली कार्ड हातात आलं की ते बसवून, केबल्स टप्पा २ प्रमाणे तपासून, एक्सएमपी बंद असतानाच पहिली चाचणी घ्या. बाकीच्या सेटिंग्ज त्यानंतर एकेक करून चालू करा.